क्लच पुन्हा स्लिप होतोय, आता नवे पार्ट कोणते घ्यायचे आणि खर्च कुणाकडून मागायचा?

प्रश्न : मोटरसायकलचा क्लच स्लिप होत होता म्हणून गॅरेजमध्ये प्लेटा बदलून घेतल्या. बिलावर नुसतं ‘क्लच सेट, ओरिजिनल’ लिहिलंय. 2,400 किलोमीटरमध्ये पुन्हा तेच सुरू झालं. गॅरेजवाला म्हणतो, ‘तुम्ही हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून चालवता.’ दुसरीकडे क्लच खोलून नवे पार्ट टाकले तर माझा हक्क जाईल का? गाडीवर मी स्वतः पार्सलं पोचवतो, त्यामुळे ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असंही तो सांगतो.

उत्तर : आधी शेवटचा मुद्दा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(7) मधला ‘व्यापारी हेतू’ स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला लागू होत नाही. गाडी स्वतः चालवून गुजराण करत असाल तर तुम्ही ग्राहक आहात.

दुसरीकडे काम करून घेतल्यानेही हक्क जात नाही. उलट, नुकसान वाढू न देणं तुमच्याकडून अपेक्षित असतं, म्हणून स्लिप होणारी गाडी दामटत राहू नका. मात्र क्लच कव्हर उघडण्याआधी गॅरेजला स्पीड पोस्टने लेखी कळवा : दोष काय, बिलाची तारीख, किलोमीटर, आणि अमुक दिवशी अमुक ठिकाणी क्लच खोलणार आहोत, हजर राहा. आठ दिवसांची मुदत पुरे. तो आला नाही तरी ‘माझ्या पाठीमागे खोललं’ ही ओरड त्याला करता येणार नाही.

या प्रकरणाचा निकाल आत काय सापडतं त्यावर लागेल. कव्हरला हात लावण्याआधी क्लच लिव्हरच्या टोकाशी फ्री प्ले, म्हणजे केबल ताणली जाण्याआधी लिव्हर मोकळा हलतो ते अंतर, मोजून फोटो काढा. बहुतेक गाड्यांत तो 10 ते 20 मिलिमीटर असतो. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा प्रमाण धरा. फ्री प्ले मुळीच नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो आणि चांगल्या प्लेटाही जळतात. केबल गॅरेजनेच तशी ताणून दिली असेल तर ती कलम 2(11) खालची सेवेतली त्रुटी. मधल्या काळात तुम्ही ती फिरवली असेल तर मात्र गॅरेज तेच पुढे करेल, तेव्हा खरं ते सांगा.

मग ऑइल. ओल्या, म्हणजे इंजिन ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचला जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए2 दर्जाचं ऑइल लागतं. एमबी दर्जाचं किंवा घर्षण कमी करणारं कारचं ऑइल प्लेटांची पकड घालवतं. ऑइल गॅरेजनेच भरलं होतं का, बिलात पाहा. काढलेलं थोडं ऑइल स्वच्छ बाटलीत सीलबंद ठेवा.

प्लेटा बाहेर आल्या की व्हर्नियरने जाडी, स्प्रिंगची मोकळी लांबी आणि काचेवर ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) स्टील प्लेटांचा बाक मोजून घ्या. फ्रिक्शन प्लेटांवरचा घर्षणाचा थर खालच्या अ‍ॅल्युमिनियमपासून खपल्या होऊन सुटला असेल तर संशय पार्टवर जातो. थर शाबूत, पण स्प्रिंगा मर्यादेपेक्षा आखूड असतील तर गॅरेजने फक्त प्लेटा बदलून ‘सेट’ लिहिलं, हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा. सगळ्या प्लेटा सारख्याच काळ्या, झिजलेल्या आणि स्टील निळं पडलेलं असेल, शिवाय फ्री प्ले, ऑइल, स्प्रिंगा सगळं बरोबर असेल, तर हाफ क्लचचा आरोप खोडणं कठीण. मग खटल्याच्या भानगडीत पडू नका. ही मापं मेकॅनिककडून सही-तारखेनिशी लिहून घ्या. जुने पार्ट त्याला भंगारात टाकू देऊ नका. पुढे कलम 38 खाली ग्राहक आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण नमुना हवा ना!

नवे पार्ट चेसिस नंबर देऊन पार्ट नंबरवरून घ्या. ‘याच मॉडेलचा चालतो’ यावर जाऊ नका. काही क्लचमध्ये एक फ्रिक्शन प्लेट बाकीच्यांपेक्षा वेगळी असते. फ्रिक्शन प्लेटा आणि स्प्रिंगा संपूर्ण जोड घ्या, बाकलेल्या किंवा निळ्या स्टील प्लेटा बदला, कव्हरचं पॅकिंग आणि ऑइलही नवं. बसवण्यापूर्वी फ्रिक्शन प्लेटा ऑइलमध्ये भिजवल्या पाहिजेत. शक्यतो पार्ट आणि मजुरी एकाच पक्क्या बिलावर घ्या. पार्ट तुम्ही आणून दिलात तर बसवणारा फक्त मजुरीपुरता जबाबदार राहतो, आणि दुकानदार बोट त्याच्याकडे दाखवतो.

बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलेलं असलं तरी घाबरू नका. सदोष माल किंवा सेवा मागे घेऊन बिलातल्या मुदतीत, मुदत नसल्यास 30 दिवसांत पैसे परत न करणं, ही कलम 2(47) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा; गॅरेजवाले बऱ्याचदा तिथेच नरमतात. नाही नरमला तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, मोबदला 5 लाखांच्या आत असल्याने फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. पहिलं बिल, नव्या पार्टचं बिल, मापांचा कागद आणि नोटीस जोडा. मागणी पहिल्या कामाची रक्कम, दुसऱ्यांदा क्लच खोलण्याची मजुरी आणि बुडालेल्या कामाची भरपाई अशी ठेवा. बुडालेले दिवस मात्र डिलिव्हरीच्या नोंदींवरून दाखवा. अंदाजे आकडा लिहिलात तर बाकीच्या खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो.