डाऊन सिंड्रोम असलेली मुलगी अडीच वर्षांची आहे, बोलत नाही. घरातली अहिराणी बंद करावी का? स्पीच थेरपी किती दिवस लागते?

बंद करू नका. आमच्याकडे ही चूक आठ महिने चालली, म्हणून लिहितोय.

माझा मुलगा तेव्हा अडीचचाच होता. पारोळा तालुक्यातलं गाव. मी दुकानात, बायको अंगणवाडीत, पोरगं दिवसभर माझ्या आईजवळ. आईला अहिराणीशिवाय बोलता येत नाही. दिवाळीला पुण्याची बहीण आली नि म्हणाली, "आधीच त्याला जड जातंय, त्यात हा गोंधळ. शुद्ध मराठीच बोला." तेव्हाच्या थेरपिस्टबाईंनीही मान डोलावली. झालं. आई दोन दिवस "इकडे ये, पाणी पी" असं चाचरत बोलली, मग गप्पच बसायला लागली. मांडीवर नातू आणि म्हातारी मुकी. एकदा आमच्या देवीच्या गाण्यांबद्दल मला विचारते, "कानबाईना गाना बी म्हनू नको का?"

खरा घोटाळा कानात निघाला. पडद्यामागे पाणी. या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, सर्दी झाली की पाणी साचतं, ऐकू कमी येतं, आणि आपण भाषेला दोष देत बसतो. आधी कान तपासा, बेरा म्हणजे ऐकू येण्याची मशीनवरची तपासणी करून घ्या, नंतरही दर काही महिन्यांनी दाखवत राहा. थायरॉइडसुद्धा.

दुसऱ्या थेरपिस्ट जळगावच्या. त्यांनी आईलाच समोर बसवलं. शब्दासोबत खूण करायची: पानी म्हणताना अंगठा ओठाला. या मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं जास्त लक्षात राहतं, आणि खुणांमुळे बोलणं मागे पडत नाही. काही विचारलं की मनात दहा आकडे मोजायचे, तोवर तोंड बंद. हे आम्हाला सगळ्यात अवघड गेलं. शिट्ट्या फुंकून, गाल चोळून शब्द येतात यावर माझा काडीचा विश्वास नाही. त्यात आमचे चार महिने गेले.

किती दिवस? आमचं सहावं वर्ष चालू आहे. वाक्य दोन-तीन शब्दांचं, समजतं मात्र सगळं, लबाडीसकट.

मी डॉक्टर नाही, किराणा विकतो. हृदयाचं काही असेल तर ते आधी बघा. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणारं केंद्र, विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंत मोफत आहे.

आणि पहिला शब्द. साडेतीन वर्षांचा असताना ओट्यावर हात आपटून आजीला म्हणाला, "आते!" बहीण आजही सांगते, त्यानं आत्याला हाक मारली. व्हिडिओ अख्ख्या भाऊबंदकीत फिरवला. अगं, आमच्या घरात तुला फुई म्हणतात. आत्या हा शब्द त्यानं ऐकला तो दिवाळीचे चार दिवस, तेही कानात पाणी असताना. आई त्याला दिवसातून पन्नासदा म्हणते, आठे ये, आठे बठ, म्हणजे इथे ये, इथे बस. ठ त्याला अजून येत नाही.