वासराची हगवण, नातवाचं पोट आणि जंतूची नंबरप्लेट

प्रश्न : डॉक्टर, करवीर तालुक्यात आमचा सहा एचएफ गायांचा गोठा आहे. यंदा वासरू दहा-बारा दिवसांचं झालं की पिवळं पाणी हगायला लागतंय, दोन दगावली. तिसऱ्याचं शेण तपासलं तर क्रिप्टो नावाचा हगवणीचा जंतू निघाला. त्यात वासरांना दूध पाजणारा सात वर्षांचा नातू आठवडाभर जुलाबानं आडवा होता, आता बरा आहे. पुतण्या बीएस्सी करतोय, तो म्हणतोय जंतूचं जेनेटिक सबटायपिंग करा, मग कळंल कुणाचं कुणाला लागलं. त्यात पैसे घालू का? गोठ्यात टीसीएल, म्हंजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, तर रोज मारतोय.

उत्तर : काका, पुतण्या हुशार आहे पण आधी एक सांगा, नातवाची शी तपासली होती का? नसेल तर वासराचा जंतू जुळवून बघायचा कशाशी? आणि साध्या तपासणीत क्रिप्टो बहुतेक वेळा दिसतच नाही, त्याला वेगळा रंग देऊन स्लाइड बघावी लागते, तसं डॉक्टरांना मुद्दाम सांगावं लागतं.

आता सबटायपिंग म्हंजे काय. क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातला एकपेशीय परजीवी, त्याची अंडी म्हणा हवं तर, जेमतेम पाच मायक्रॉनची. गुरांत मुख्य चार जाती सापडतात, पार्व्हम, बोव्हिस, रायनी आणि अँडरसोनी. दूधपित्या वासराला हगवण लावणारी मुख्यतः पार्व्हम. माणसांत पार्व्हम आणि होमिनिस. गंमत अशी की पार्व्हम आणि होमिनिस मायक्रोस्कोपखाली जुळ्या भावांसारखे दिसतात, ओळखायचे तर डीएनएच वाचायला लागतो. आधी 18एस नावाच्या जीनवरून जात ठरते, मग जीपी60 या जीनवरून सबटाइप, म्हंजे त्या जातीतला पोटप्रकार.

आपल्या गाडीच्या नंबरासारखं धरा, एमएच 09 म्हटलं की कोल्हापूर, पुढचे आकडे म्हणजे गाडी. तसंच पार्व्हमचा ‘टू-ए’ गट म्हणजे बहुतेक गुरांचा, ‘टू-डी’ शेळ्यामेंढ्यांत जास्त, ‘टू-सी’ मुख्यतः माणसांचा. पुढं ए15जी2आर1 असं काहीतरी लिहितात, म्हणजे त्या जीनमध्ये टीसीए हा डीएनएच्या तीन अक्षरांचा तुकडा 15 वेळा आणि टीसीजी 2 वेळा आलाय, आर म्हणजे त्यामागं येणाऱ्या आणखी एका तुकड्याची मोजणी.

पण इथं खरी मेख आहे. टू-ए ए15जी2आर1 हा नंबर जगभरच्या गोठ्यांत सापडतो, म्हणजे एकाच नंबरच्या हजारो गाड्या रस्त्यावर! त्यामुळं नातवाचा आणि वासराचा जुळला तरी याच वासराकडनं आला असं छातीठोक सांगता येत नाही, फक्त संशय पक्का होतो. उलट नातवाचा होमिनिस किंवा टू-सी निघाला असता तर वासरू सुटलं असतं. माझ्या मते ही टेस्ट गुन्हा शाबीत करण्यापेक्षा निर्दोष सोडायला जास्त कामाची. 1993 ला अमेरिकेत मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे 4 लाख लोक आजारी पडले, पहिला संशय नदीकाठच्या गुरांवर गेला, पुढं डीएनए तपासला तर जंतू माणसांचा निघाला. गाय बिचारी फुकट बदनाम.

आणि वासराला त्या रिपोर्टचा उपयोग शून्य, सबटाइप कुठलाही निघाला तरी इलाज तोच. त्यामुळं पैसे नका घालू. तरीपण एखाद्या कॉलेजनं अभ्यासासाठी नमुना मागितला तर जरूर द्या, फक्त शेण फॉर्मलिनमध्ये घालू नका, डीएनए खराब होतो, बर्फात घालून पाठवा.

टीसीएलचं म्हणाल तर वाईट वाटेल ऐकून, पण क्लोरीननं हा जंतू मरत नाही. त्याला मारतं उकळतं पाणी आणि कडक वाळवण. म्हणून वासरांची जागा आधी खरवडून उकळत्या पाण्यानं धुवा आणि खडखडीत वाळू द्या, हगवणीचं वासरू वेगळं बांधा, आधी निरोग्यांचं करून मग त्याच्याकडं जा. वासरू मरतं ते अंगातलं पाणी आटून, तेव्हा दूध तोडू नका, मधल्या वेळेत इलेक्ट्रोलाइट पाजा. नुसत्या अँटिबायोटिकनं क्रिप्टो जात नाही, औषध डॉक्टरांना बघून ठरवू द्या. आणि चीक! जन्मल्यावर पहिल्या सहा तासांत वजनाचा दहावा हिस्सा, 30 किलोच्या वासराला 3 लिटर. खरवस नंतर, वासरू आधी, यावरून आमच्या घरीसुद्धा भांडणं झाल्यात.

नातवाला काही दिवस गोठ्यापासून लांब ठेवा, नंतरही साबणानं हात धुतल्याबिगर जेवायला बसू देऊ नका. सॅनिटायझर यावर चालत नाही.

प्रश्न : मग दूध कट्ट्यावर समोर काढून देतात ते धारोष्ण दूध प्यावं का नाही? आम्ही तालमीतली पोरं रोज जातोय.

उत्तर : पैलवान, जंतू दुधातनं येत नाही, कासेला आणि हाताला लागलेल्या शेणातनं येतो. कास धुऊन, पुसून काढलं तर धोका कमी होतो, संपत नाही. उकळलेलं प्या हेच माझं म्हणणं, आणि घरातल्या लहान पोरांना, गरोदर बायकांना, आजारातनं उठलेल्यांना तर धारोष्ण अजिबात नको. दूध उकळलं म्हणून ताकद जात नाही ओ.