सप्टेंबरच्या एका मोजणीवरून खाडी मेली असं लिहू नका

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत मे महिन्यात मोजणीसाठी वाळूवर ठेवलेल्या प्रत्येक चौकटीमागे भरपूर तिसऱ्या (खायचे शिंपले) आणि सप्टेंबरात नुसत्या रिकाम्या शिंपा, तर खाडी मेली का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळा आला. आमच्या खाडीबाबत हाच प्रश्न एका कार्यालयाने आम्हाला न विचारता परस्पर निकालात काढला होता.

चौकट किती, खणायचं किती, हे तुम्हाला येतंच, ते सोडते.

आमच्याकडे एका कामाच्या परवानगीआधी पाहणी व्हायची होती. पथक गणपतीनंतर एकदाच आलं, पुळणीवर दोन-चार जागी खणलं आणि अहवालात लिहून मोकळं झालं: 'शिंपल्यांचे उल्लेखनीय अस्तित्व नाही.' ज्या बायका एप्रिल-मेमध्ये तिथूनच टोपल्या भरून बाजारात नेतात, त्यांच्याशी कुणी बोललंसुद्धा नाही. महिनावार नोंदी घेऊन आम्ही गेलो, तर प्रत्येक टेबलावर एकच उत्तर: अहवाल मंजूर झालाय, फेरपाहणीची तरतूद नाही. भरपाईच्या यादीत त्या बायकांचं नावच आलं नाही. मला त्याचा राग आजही आहे. वर्षातून एकदा येणाऱ्याने 'नाही' लिहूच नये, फार तर 'या महिन्यात दिसलं नाही' लिहावं.

उन्हाळ्यात खाडीच्या मुखाजवळचं पाणी समुद्राइतकं, म्हणजे हजारी 35 च्या (हजार भाग पाण्यात 35 भाग मीठ) आसपास खारं असतं. भर पावसात, ओहोटीच्या वेळी ते 5 च्याही खाली उतरू शकतं. तिसरी शिंपा मिटून काही दिवस तग धरते, पण पूर लांबला किंवा वर गाळ बसला की मरते. त्यात पावसात पुळणही सरकते, त्यामुळे मे महिन्याची जागा सप्टेंबरात तीच राहिलेली नसते.

पाऊस सरून खारटपणा चढला की वीण होते आणि नवी पिल्लं वाळूत बसतात. ती सुरुवातीला जेमतेम काही मिलिमीटरची असतात, खणलेली वाळू 5 मिलिमीटरच्या चाळणीने चाळली तर सरळ निसटतात. 1 मिलिमीटरची चाळणी घ्या, नाहीतर डिसेंबरातही तुम्ही 'काही नाही' लिहाल. केरळात अष्टमुडी सरोवरात डिसेंबर ते फेब्रुवारी तिसऱ्या काढायला बंदी असते, ती याच विणीसाठी. तिथल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला 2014 साली एमएससी, म्हणजे साठा टिकवून केलेल्या मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. आपल्याकडे खाडीनिहाय असा नियम का होत नाही, हा वेगळा विषय, पण तो मला रोज टोचतो.

रिकाम्या शिंपा फेकू नका. दोन्ही पाकळ्या जोडलेल्या असतील तर जीव नुकताच आणि बहुधा तिथेच मेलाय. सुट्या, झिजलेल्या असतील तर लाटांनी आणलेल्या. नेमकं गोल, कडा घासलेलं भोक असेल तर ते शिकारी गोगलगाईचं काम, त्याचा पावसाशी संबंध नाही.

मी शास्त्रज्ञ नाही. हे सगळं मुखाजवळच्या वाळूमिश्रित पुळणीपुरतं धरा. वर खाजणातल्या काळ्या चिखलात जाती वेगळ्या आणि त्यांचं वेळापत्रकही वेगळं. मात्र फेब्रुवारीपर्यंत बारीक चाळणीतही पिल्लं दिसली नाहीत, तर ते गंभीर आहे. मग वरच्या अंगाला वाळूउपसा, बांध किंवा सांडपाणी आहे का, ते आधी बघा.

तोवर गावाला 'खाडी मेली' सांगू नका. दर अमावास्येच्या उधाणाच्या ओहोटीला मोजा, खारटपणा त्याच वेळी घ्या, आणि मोजताना तिसऱ्या काढणाऱ्या एखाद्या मावशींना सोबत न्या. नोंदीखाली त्यांचीही सही घ्या.