सर चूक सांगतच नाहीत!

प्रश्न : ताई, मी वर्षभर जर्मन शिकतेय. सर छान आहेत, पण बोलताना चुकलं तरी कधी थांबवत नाहीत, ग्रामरही वेगळं असं घेत नाहीत, म्हणतात बोलत राहा, आपोआप येईल. वर्गातले बरेच जण यावर खूश आहेत. मला मात्र चुकीचंच तोंडात बसतंय की काय अशी धास्ती वाटते. सरांना सांगावं तर त्यांना राग येईल. मीच जुन्या वळणाची आहे का?

उत्तर : अजिबात नाही, उलट तुमच्यासारखेच जास्त असतात. रेनाटे शुल्ट्झ या अभ्यासक बाईंनी अमेरिका आणि कोलंबिया दोन्हीकडच्या परकीय भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना हेच विचारलं होतं, 2001 साली ते छापून आलं. दोन्ही देशांत विद्यार्थी म्हणाले की ग्रामर शिकवा, चुकलं तर सांगा, आणि शिक्षकांना मात्र त्याची तेवढी गरज वाटत नव्हती. म्हणजे सरांना वाटतं आपण मुलांना सांभाळून घेतोय आणि मुलं मनात म्हणतात अहो सांगा की!

तुमच्या वर्गातले खूश लोकही चुकीचे नाहीत हां. 2009 मध्ये लोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत असंच विचारलं, तर तिथे राहून इंग्लिश शिकणाऱ्यांना ग्रामर आणि करेक्शनची गरज कमी वाटली, परकीय भाषा शिकणाऱ्यांना जास्त. मला यात नवल वाटत नाही, ज्याला दिवसभर ती भाषा कानावर पडते त्याला आधी समोरच्याशी बोलणं जमवायचं असतं, आणि ज्याची भाषा वर्गाच्या दारातच संपते तो सगळं सरांकडूनच मागणार ना.

आता एक शंका काढते, रागावू नका. सर खरंच सुधारत नाहीत, की सुधारतात आणि तुम्हाला कळत नाही? समजा तुम्ही म्हणालात, ‘इश हाबे गेस्टर्न इन्स कीनो गेगांगेन.’ काल सिनेमाला गेले. इथे ‘हाबे’ चालत नाही, जाण्यायेण्याच्या क्रियापदांना भूतकाळात ‘बिन’ लागतं, ‘तू’ म्हणताना त्याचंच ‘बिस्ट’ होतं. सर हसून म्हणतात, ‘आ, दू बिस्ट इन्स कीनो गेगांगेन! उंड, वी वार देअर फिल्म?’ तुम्ही म्हणता ‘गूट!’ आणि गप्पा पुढे. सरांनी वाक्य दुरुस्त करून दिलं, पण तुम्हाला वाटलं की ते नुसते सिनेमाबद्दल विचारतायत. इथेच घोडं पेंड खातं.

लिस्टर आणि रांता या दोघांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या चार वर्गांतलं बोलणं रेकॉर्ड करून बघितलं (1997). शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी 55 टक्के अशा गुपचूप प्रकारच्या होत्या आणि त्यावर मुलांनी काही प्रतिसाद दिला तो फक्त 31 टक्के वेळा. पण शिक्षकाने अर्धं वाक्य म्हणून थांबायचं, ‘इश...?’ असं, आणि पुढचं मुलांकडून काढून घ्यायचं, असं केलं तेव्हा मुलं दर वेळी काहीतरी बोललीच, त्यातलं जवळपास निम्मं बरोबर. लगेच प्रतिसाद दिला नाही म्हणजे डोक्यात काहीच गेलं नाही असं नाही, पण तुमची तक्रार ‘कळतच नाही’ ही आहे, तर हा दुसरा प्रकार तुमच्या कामाचा.

तेव्हा सरांकडे ‘तुम्ही ग्रामर शिकवत नाही’ असं घेऊन जाऊच नका, त्याने कुणालाही राग येईल. नेमकं एक मागा. ‘सर, या आठवड्यात माझा भूतकाळ चुकला की तिथेच थांबा, मी स्वतः दुरुस्त करून बघते, बाकी चुका सोडून द्या.’ एकाच गोष्टीचं मागितलं की सरांना जमतं आणि तुमचंही बोलणं दर दोन शब्दांनी तुटत नाही. सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर तेही सांगा, तास संपल्यावर दोन चुका लिहून द्या म्हणावं.

प्रश्न : मग निबंधात प्रत्येक चुकीवर लाल खूण केलेली चांगली का?

उत्तर : यावर अभ्यासकांचंच जुंपलंय. जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये सरळ लिहिलं की लेखनातली ग्रामरची दुरुस्ती बंद करा, फायदा नाही, वर तोटाच, आणि 1999 मध्ये डेना फेरिस यांनी उत्तर दिलं की इतक्यात निकाल लावू नका, दुरुस्ती कशी केलीय त्यावर बरंच अवलंबून आहे. माझं मत विचाराल तर पानभर लाल खुणा बघून कुणीही वही मिटूनच ठेवतो. दोनच प्रकारच्या चुकांखाली रेघ मारून मागा, उत्तर लिहून घेऊ नका, आणि तोच निबंध पुन्हा लिहून परत दाखवा.