मोठं जहाज चटकन बाजूला का होत नाही? ते वळवतात आणि थांबवतात कसं?

तुम्ही विचारलंय की गेटवेहून मांडव्याला जाताना समोरून कंटेनरचं मोठं जहाज आलं, हवा शांत होती, समुद्र सपाट होता, तरी ते आपल्या वाटेवरून तसूभर हललं नाही आणि तुमच्या लाँचनेच थांबून त्याला जाऊ दिलं. एवढी यंत्रं असून त्याला वळता येत नाही का, ब्रेक नसतात का, आणि पायलट (बंदरातली वाट दाखवायला जहाजावर येणारा तिथला जाणकार) चढल्यावर कॅप्टनला काय काम उरतं, असेही प्रश्न आहेत. मी आधी बल्क कॅरियरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजांवर) आणि नंतर कंटेनर जहाजांवर काम केलंय, सध्या कॅप्टन आहे. वादळातल्या गोष्टी लोकांना ऐकायला आवडतात, पण आमचं खरं कसब अशा शांत दिवशीच्या कामात असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रेक नसतात. चालतं जहाज थांबतं ते पाण्याच्या विरोधाने, पंखा (प्रोपेलर) उलटा फिरवून, नाहीतर बंदरात टगच्या (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या दणकट छोट्या बोटींच्या) जोरावर. नांगराला पुष्कळ जण ब्रेक समजतात, पण मोठ्या जहाजाचा नांगर टाकताना जमिनीच्या हिशोबाने वेग अर्धा नॉट किंवा त्याहून कमी लागतो (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). जास्त वेगात टाकला तर साखळी धडधडत सुटते, विंडलासचा (साखळी ओढणाऱ्या-सोडणाऱ्या यंत्राचा) ब्रेक तिला आवरू शकत नाही, आणि नांगर साखळीसकट जाण्याची वेळ येते. दुसरा काही मार्गच उरला नाही तरच चालत्या जहाजाचा नांगर सोडतात.

पंखा उलटा फिरवणं ऐकायला सोपं वाटतं. मोठ्या जहाजांवर बहुतेक ठिकाणी इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये गिअर नसतो, दोघं थेट एका दांड्याने जोडलेले असतात. मागे जायचं तर आधी इंजिन पूर्ण थांबवायचं आणि मग दाबलेली हवा सोडून ते उलट्या दिशेने सुरू करायचं. ही हवा टाक्यांमध्ये भरून ठेवलेली असते. टाक्या पुन्हा न भरता किमान १२ वेळा इंजिन सुरू करता यावं, असा वर्गीकरण संस्थांचा (जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचा) नियम आहे. म्हणजे पुढे-मागे, पुढे-मागे असा खेळ करत बसणाऱ्याची हवा ऐन धक्क्याजवळ संपू शकते. शिवाय जहाज जोरात पुढे जात असेल तर इंजिन बंद करूनही पाण्याच्या जोराने पंखा पुढच्याच दिशेने फिरत राहतो. तो जोर ओसरेपर्यंत इंजिन उलटं सुरू होत नाही. तोवर वाट पाहावी लागते.

किती अंतर लागतं? आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००२ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार, पूर्ण वेगातून पंखा पूर्ण उलटा फिरवला तर जहाज स्वतःच्या लांबीच्या १५ पटींत थांबलं पाहिजे. फार अवजड जहाजांना २० पटींपर्यंत सूट मिळू शकते. ३०० मीटरचं जहाज धरलं तर साडेचार किलोमीटर. बंदरात आम्ही पूर्ण वेगात नसतो, त्यामुळे तिथे अंतर बरंच कमी लागतं. पण या अंतरात जहाज सरळ रेषेत थांबेल याची खात्री कोणी देत नाही. उजव्या फिरकीचा (पुढे जाताना, मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा) पंखा उलटा फिरला की जहाजाची पिछाडी डावीकडे ओढली जाते आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, उजवीकडे वळते. अरुंद वाटेत पूर्ण उलटा जोर दिला तर जहाज आडवं होण्याची भीती असते. ही खोड माहीत असणारा तिचा उपयोगही करून घेतो. डावी बाजू धक्क्याला लावायची असेल तर जरा तिरकं यायचं, शेवटी पंखा उलटा, की पिछाडी आपोआप धक्क्याकडे येते.

आता वळणं. सुकाणू जहाजाच्या मागच्या टोकाला असतं, त्यामुळे जहाज मागून वळतं. हातगाडी मागून ढकलताना पुढचं तोंड उजवीकडे न्यायचं तर आपण स्वतः डावीकडे सरकतो, तसं. पुढे जाणारं जहाज ज्या बिंदूभोवती फिरतं तो साधारण नाळेपासून पाव ते एक तृतीयांश लांबीवर असतो. ३०० मीटरच्या जहाजात त्याच्या मागे दोनशेहून जास्त मीटर उरतात आणि वळताना ती सगळी लांबी बाहेरच्या बाजूला फेकली जाते. समोरच्या बोयाला (वाटेची कड दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला) नाळ चुकवली म्हणून सुटलो असं होत नाही, पिछाडी त्याच बोयावर जाऊ शकते. नव्या ऑफिसरला मी सगळ्यात आधी मागे बघायला शिकवतो.

त्याच निकषांप्रमाणे सुकाणू पूर्ण, म्हणजे सहसा ३५ अंश, वळवल्यावर जहाजाचं वर्तुळ पाच लांब्यांत मावलं पाहिजे, आणि ९० अंश वळेपर्यंत जहाज साडेचार लांब्यांपेक्षा जास्त पुढे सरकता कामा नये. म्हणजे आत्ता हुकूम दिला तरी मूळ दिशेने किलोमीटरभर किंवा त्याहून जास्त जाणं आलंच. आणि वळायला लागलेलं जहाज आपणहून वळायचं थांबत नाही. सुकाणी 'स्टारबोर्ड टेन' (सुकाणू उजवीकडे दहा अंश) म्हणत चाक फिरवतो, जहाज हळूहळू फिरू लागतं, मग 'मिडशिप्स' (सुकाणू मधोमध), आणि हव्या त्या दिशेच्या पुष्कळ आधी उलट बाजूला सुकाणू देऊन ते फिरणं रोखावं लागतं. किती आधी, हे जहाजागणिक आणि त्या दिवशीच्या मालाच्या वजनागणिक बदलतं. म्हणूनच प्रत्येक हुकूम सुकाणी मोठ्याने परत म्हणतो, आणि हुकूम देणारा सुकाणू खरंच त्या बाजूला गेलं का हे काट्यावर डोळ्यांनी तपासतो. डाव्याचं उजवं ऐकू आलं आणि ते अर्ध्या मिनिटाने लक्षात आलं, तर ती चूक सावरायला कितीतरी मिनिटं जातात.

हे सगळं वाचून वाटेल की मग हळू चालवा, प्रश्न मिटला. खरी पंचाईत इथेच सुरू होते. सुकाणू काम करतं ते त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्यामुळे. पंखा फिरत असला की त्याचा झोत थेट सुकाणूवर पडतो आणि जहाज ऐकतं. पंखा थांबला की तो झोत गेला, जहाज बहिरं होऊ लागतं. मोठ्या कंटेनर जहाजावर इंजिनचा सगळ्यात कमी टप्पा, 'डेड स्लो अहेड', हाच जहाजाला सहा ते आठ नॉट वेग देऊ शकतो. त्याहून हळू जायचं तर इंजिन बंद करावं लागतं, आणि बंद केलं की दिशा हातातून सुटू लागते. मग आम्ही वेग आधीच पाडून ठेवतो, इंजिन बंद ठेवून जहाज वाहू देतो, आणि नाळ भरकटायला लागली की सुकाणू पूर्ण वळवून इंजिनला थोड्या वेळासाठी पुढचा दणका देतो. पाण्याचा झोत सुकाणूवर आदळतो, पिछाडी सरकते, आणि एवढं अवजड धूड पुढे वेग घ्यायच्या आत इंजिन पुन्हा बंद. हा दणका किती सेकंदांचा आणि केव्हा, हे ज्याला कळलं त्याला जहाज कळलं असं मी मानतो. ज्याने वेग वेळेवर पाडलेला नसतो त्याला हे करताच येत नाही, कारण त्याला इंजिन उलटं फिरवावं लागतं, आणि उलट्या पंख्यावर सुकाणू जवळपास निकामी होतं.

वेग पाडणंही एका बटणाचं काम नाही. भर समुद्रातल्या वेगावरून बंदराच्या वेगावर येताना एवढ्या मोठ्या इंजिनाचा भार टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो, म्हणून इंजिनरूमला साधारण तासभर आधी सूचना जाते. पायलट चढण्याच्या जागी सात नॉटने पोचायचं असेल तर त्याची तयारी किनारा नीट दिसायच्या आधीच झालेली असते.

उथळ पाणी ही वेगळीच गोष्ट. जहाज पुढे जाताना पाणी त्याच्या बाजूने आणि तळाखालून मागे धावतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाज चक्क खाली बसतं. आम्ही त्याला स्क्वॉट म्हणतो. हिशोबाचं ढोबळ सूत्र असं: नॉटमधल्या वेगाचा वर्ग, गुणिले जहाजाच्या आकाराचा गुणांक (पाण्याखालचा भाग किती ठोकळ्यासारखा भरीव आहे तो आकडा), भागिले १००, उत्तर मीटरमध्ये. अरुंद वाटेत त्याच्या दुप्पट. गुणांक ०.७ धरला तर १२ नॉटला मोकळ्या पाण्यात एक मीटर आणि अरुंद चॅनेलमध्ये दोन मीटर. तेच सहा नॉटला पाव आणि अर्धा मीटर. तळाखाली जेमतेम दीड-दोन मीटर पाणी असेल तर वेग निम्मा करणं हाच उपाय. १९९२ च्या ऑगस्टमध्ये 'क्वीन एलिझाबेथ २' हे प्रवासी जहाज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ खडकांना घासलं. ते खडक नकाशात नीट दाखवलेले नव्हते, पण जहाज वेगामुळे किती खाली बसेल याचा अंदाजही कमी पडला होता. उथळ पाण्यात वळणाचं वर्तुळही मोठं होतं, थांबायलाही जास्त अंतर लागतं. काठाच्या फार जवळ गेलं तर पिछाडी काठाकडे खेचली जाते आणि नाळ काठापासून दूर ढकलली जाते. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात ४०० मीटरचं 'एव्हर गिव्हन' आडवं होऊन सहा दिवस अडकलं, तेव्हा वाऱ्याबरोबर काठाच्या या ओढीचीही खूप चर्चा झाली होती.

मुंबईत भर पडते ती भरती-ओहोटीची. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीचे इशारे तुम्ही बातम्यांत ऐकता, तीच भरती आमच्या कामाची असते. न्हावाशेवाला येणारी खोल बुडणारी जहाजं तिची वेळ साधूनच आत घेतली जातात. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांत पाण्याला ओढही जास्त असते, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत कमी.

आता तुमच्या लाँचकडे येतो. ते जहाज चॅनेलमध्ये होतं. चॅनेल म्हणजे समुद्राच्या तळात खणून खोल केलेली वाट. वर पाणी सगळीकडे सारखं दिसतं, पण दोन्हीकडच्या बोयांच्या बाहेर त्या जहाजाला पुरेल एवढी खोली नसते. तुमच्यासाठी बाजूला होणं म्हणजे त्याने गाळात रुतणं. समुद्रावरचे टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम इथे स्पष्ट आहेत. २० मीटरहून लहान बोटींनी आणि मासेमारीच्या होड्यांनी, फक्त चॅनेलमधूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाला अडथळा करू नये. त्याच्या वाटेत अडथळा येईल अशा रीतीने चॅनेल कोणीच ओलांडू नये. तुमच्या लाँचच्या तांडेलाने केलं ते अगदी योग्य केलं.

आणखी एक गोष्ट किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. कंटेनर रचलेल्या जहाजावर ब्रिजमधून (जहाज चालवण्याच्या उंचावरच्या खोलीतून) नाळेच्या लगतचं पाणी दिसतच नाही. न दिसणारा हा पट्टा जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून मोठा नसावा असा नियम आहे. म्हणजे नियमात बसणाऱ्या जहाजावरूनही समोरची पाचशे मीटरमधली होडी दिसेनाशी होऊ शकते. १ ऑगस्टला मासेमारी पुन्हा सुरू झाली की मुंबई-कोकणच्या समुद्रात रात्री होड्याच होड्या असतात. लाकडी होडी रडारवर नीट उमटत नाही, दिवा मिणमिणता असतो. जाळी वाचवायला एखादी होडी नाळेसमोरून आडवी जाते तेव्हा ब्रिजवर आमच्या पोटात गोळा येतो, कारण त्या क्षणी करण्यासारखं काही उरलेलं नसतं. नाळेसमोरून कधीही जाऊ नका, मागून जा. पाच मिनिटं जास्त जातील.

धक्क्याला लावताना वारा हिशोबात येतो. ३०० मीटर लांब आणि कंटेनरसकट ३३ मीटर उंच अशी भिंत पाण्यावर उभी आहे असं धरा, दहा हजार चौरस मीटर. साधा २० नॉटचा आडवा वारा तिच्यावर पन्नास टनांहून जास्त जोर लावतो. चांगल्या ताकदीचा एक टग पूर्ण जोर लावून जेवढं ढकलेल तेवढं सगळं फक्त वाऱ्याला तोंड देण्यात जातं. नाळेजवळचा बो थ्रस्टर (जहाजाला आडवं ढकलणारा पंखा) मदतीला असतो, पण जहाज चार-पाच नॉटच्या वर असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. शेवटी धक्क्याला समांतर राहून सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आसपास वेगाने टेकायचं असतं. वीस झाले तर धक्क्यावरच्या रबरी फेंडरना (आदळणं झेलणाऱ्या गाद्यांना) चौपट ऊर्जा झेलावी लागते.

पायलटबद्दल. तो बंदराचा माणूस, त्याला तिथला प्रवाह, गाळ आणि टगवाले ठाऊक असतात. जहाज मात्र तो पहिल्यांदाच बघत असतो. म्हणून ब्रिजवर आल्या आल्या मी त्याला पायलट कार्ड देतो आणि बोलतो: डेड स्लोला वेग किती, उलटं इंजिन धरायला किती वेळ लागतो, आज बुडती खोली किती, थ्रस्टर चालू आहे का, काही बिघाड आहे का. त्याने मला कोणता टग कुठे बांधणार आणि वळण कुठे घेणार हे सांगायचं. त्यानंतर हुकूम तो देतो, पण जबाबदारी माझ्याकडून जात नाही. मी वेगाकडे, वळण्याच्या दराकडे आणि मागे बघत राहतो, वेग जास्त वाटला तर लगेच तसं बोलतो, आणि गरज पडली तर हुकूम स्वतःच्या हाती घेतो. याला ठळक अपवाद पनामा कालव्याचा. तिथे जहाज चालवण्याचा पूर्ण ताबा नियमानेच पायलटकडे जातो.