सततच्या पावसानंतर घोड्याच्या पाठीवर आणि पुठ्ठ्यांवर खपल्या धरून केस गळतायत. गजकर्ण असेल का? कोणतं मलम लावू?

मलम नंतर. आधी एक खपली नीट बघा.

सततच्या पावसानंतर पाठीवर आणि पुठ्ठ्यांवर खपल्या आल्या असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मला हे गजकर्ण वाटत नाही. मी सांभाळत होतो त्या घोडीला अगदी हेच झालं होतं. तबेल्याच्या व्यवस्थापकाने लांबूनच बघून गजकर्ण ठरवलं आणि मोतद्दाराला रोज तेल चोपडायला लावलं. मी एक खपली बोटाने अलगद उचलली, तर केसांचा झुपकाच हातात आला, कुंचल्यासारखा. मुळाशी पिवळसर पू, खाली ओली गुलाबी कातडी. गजकर्ण बुरशीमुळे होतं, त्यात बहुधा गोल चट्टे, तुटके केस आणि कोरडा कोंडा दिसतो, तोही बऱ्याचदा तंगाच्या (खोगीर आवळायच्या पट्ट्याच्या) किंवा खोगिराच्या जागी. व्यवस्थापकाला हे सांगितलं, तर म्हणे, "आमचा जन्म घोड्यांत गेला." तेलाखाली ओल कोंडली आणि खपल्या मानेपर्यंत चढल्या. शेवटी डॉक्टरांनी खपली सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. समांतर रांगांत गोल गोल जिवाणू: डर्मॅटोफिलस. बुरशी नव्हतीच!

त्यामुळे तेल अजिबात नको. दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलमही नको, त्याने जिवाणू आणि बुरशी दोन्ही फोफावतात. घोडा कोरड्या जागी बांधा, ओली झूल घालू नका. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा शाम्पू लावून दहा मिनिटं ठेवा, मऊ झालेल्या खपल्याच काढा, धुवा आणि अंग पूर्ण कोरडं करा. सुक्या खपल्या ओरबाडू नका, घोड्याला फार दुखतं. निघालेल्या खपल्या तिथेच झाडून टाकू नका, त्यांत जिवाणू जिवंत राहतात.

खरारा प्रत्येक घोड्याचा वेगळाच हवा. त्या तबेल्यात एकच खरारा सगळ्यांच्या अंगावर फिरायचा, आणि मी बोललो की खर्चाचं कारण पुढे यायचं. गजकर्ण असेल तर तंग, झूल, खरारा सगळ्यातून पसरतं, माणसालाही होतं, आणि त्याचे बीजाणू सामानावर महिनोन्महिने टिकतात. जन्म घोड्यांत गेलेल्याला एवढं ठाऊक असायला हवं.

घोडा आयाळ आणि शेपटीचं मूळ घासत असेल तर गोष्ट वेगळी. ती बहुधा चिलटांची ॲलर्जी. पहाटे आणि संध्याकाळी आत बांधा, पंखा लावा. वाऱ्यापुढे चिलटांना उडता येत नाही. नुसती शेपटीच घासत असेल तर जंतही असू शकतात.

मी डॉक्टर नाही. ताप, सुजलेले पाय किंवा फक्त पांढऱ्या केसांखालची कातडी सोलवटलेली दिसली तर थांबू नका, डॉक्टरांना बोलवा. शेवटच्या लक्षणामागे यकृताचा आजार असू शकतो. आणि चामखिळीसारखी गाठ दिसली तर कोणालाही कापू देऊ नका. सारकॉइड, म्हणजे घोड्यांच्या कातडीवर येणारा एक ट्यूमर, असेल तर अर्धवट कापल्यावर ती आणखी जोमाने वाढते.