काळ्या स्क्रीनवरची नोकरी सोडू का?

पत्र थोडक्यात असं आहे. मुलीने ईअँडटीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचा) डिप्लोमा केलाय, गाव लातूरकडचं, पुण्यात नाइट शिफ्टला सपोर्टची नोकरी लागून काही महिने झालेत. क्लायंट अमेरिकेतलं एक हॉस्पिटल, त्यांची अवाया कंपनीची जुनी फोन सिस्टिम. काम म्हणजे नवीन एक्स्टेंशन तयार करणं, व्हॉइसमेल बॉक्स लावणं, पिन रीसेट करणं. ती लिहिते, "मॅडम, माऊससुद्धा चालत नाही, नुसते कमांड टाइप करायचे. मैत्रिणी रिअ‍ॅक्ट शिकतायत आणि मी रात्रभर एफ-३ दाबत बसते. वेबसाइट बनवायचा फुल स्टॅकचा कोर्स लावू का? पप्पा म्हणतात लागलेली नोकरी सोडू नको. शिवाय एक क्लासवाला सीसीएनए कोलॅबरेशन, म्हणजे सिस्को कंपनीची परीक्षा, करून देतो म्हणून पैसे मागतोय."

अगं, आधी सरळ उत्तर देते. आत्ता सोडू नकोस, पण त्या स्क्रीनवर दहा वर्षं काढायचा विचारही करू नकोस. पप्पांचं म्हणणं आत्तापुरतं बरोबर आहे, कारण मात्र वेगळं. तू लिहिलंयस की टिकीट, म्हणजे क्लायंटची तक्रार, आलं की सिनियरच्या नोटपॅडमधले कमांड बघून टाकतेस, एफ-३ मारून सबमिट करतेस आणि क्लोज करतेस. असं पाच वर्षं केलंस तरी हाती काही लागणार नाही, ते काम उद्या एखादी स्क्रिप्ट करेल. शिकायचं ते स्क्रीनच्या मागे आहे, कॉल कुठून कुठे जातो ते.

तुझ्याच टाइपचं एक टिकीट घेऊ. वॉर्डमधली नर्स म्हणते, माझ्या डेस्कवरचा फोन वाजत राहतो पण व्हॉइसमेलला जात नाही, आणि गंमत म्हणजे सगळेच कॉल असे नाहीत, हॉस्पिटलमधून कोणी केला तर जातो, बाहेरून पेशंटच्या नातेवाइकांनी केला तर जात नाही. नोटपॅडवाला माणूस इथे व्हॉइसमेल बॉक्स उडवून नवीन काढेल आणि तिचे जुने मेसेज घालवेल. तू काय करायचं, डिस्प्ले स्टेशन आणि पुढे तिचा नंबर, त्यात कव्हरेज पाथ १ (फोन उचलला नाही तर कॉल कुठे जायचा तो रस्ता) समोर जो आकडा आहे तो घ्यायचा, मग डिस्प्ले कव्हरेज पाथ आणि तो आकडा. तिथे बिझी, डोन्ट आन्सर अशा ओळी आणि समोर दोन कॉलम दिसतील, इनसाइड कॉल आणि आउटसाइड कॉल. डोन्ट आन्सरला इनसाइडखाली वाय (हो) आणि आउटसाइडखाली एन (नाही) दिसला की चोर सापडला. त्याच स्क्रीनवर किती रिंगनंतर कॉल पुढे ढकलायचा तो आकडा असतो, आणि खाली पॉइंट १ ला एच लावून एक नंबर, तो हंट ग्रुप, म्हणजे व्हॉइसमेलचं दार. दोन कमांडमध्ये कॉलचा पूर्ण रस्ता दिसला, अजून एक अक्षरही बदललेलं नाहीये.

आणि बदलायची घाई नकोच. तो पाथ एकट्या नर्सचा नसतो, त्याच नंबरवर अख्खा मजला असू शकतो, बिल्डिंगच्या टाकीचा मेन व्हॉल्व्ह फिरवल्यासारखं होईल. कदाचित कोणीतरी मुद्दामच बाहेरचे कॉल व्हॉइसमेलला जाऊ नयेत म्हणून एन ठेवलं असेल, हॉस्पिटल आहे ते. तेव्हा आधी विचारायचं, मग गरज असेल तर नर्सला दुसरा पाथ लावायचा, बदलाआधीची स्क्रीन टिकीटमध्ये चिकटवायची, शेवटी बदल जपून ठेवायला सेव्ह ट्रान्सलेशन. लिस्ट हिस्टरी टाकून बघ, कुठल्या लॉगिनने अलीकडे काय बदललं ते त्यात दिसतं, तुझंही.

ही स्क्रीन दिसते तेवढी किचकट नाही गं. क्रियापद, वस्तू, नंबर एवढंच तिचं व्याकरण, अ‍ॅड, चेंज, डिस्प्ले, लिस्ट, रिमूव्ह, स्टेटस, पुढे काय येतं ते आठवत नसेल तर हेल्प टाइप कर. लॉगिन करताना टर्मिनल टाइप विचारतो तिथे चुकीचं काही दिलं तर फंक्शन की धड चालत नाहीत, नव्या पोरांचा निम्मा वैताग तिथलाच असतो.

पिन रीसेटला तू "फालतू काम" म्हणालीस ते मला पटलं नाही. इंग्लंडमधलं न्यूज ऑफ द वर्ल्ड २०११ मध्ये बंद पडलं ते पत्रकारांनी लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या प्रकरणात, आणि त्यात बरेच ठिकाणी डिफॉल्ट पिनच कामाला आले होते. तुझ्या क्लायंटकडे तर बॉक्समध्ये पेशंटचे मेसेज पडलेले असतात, त्यावर तिकडे पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा १९९६ चा हिपा कायदा आहे. तर फोनवर कोणी "मी डॉक्टर बोलतोय, पटकन रीसेट करा" म्हणाला तरी ओळख पटल्याशिवाय करायचं नाही, आणि नवा पिन म्हणून एक्स्टेंशनचाच नंबर तर अजिबात द्यायचा नाही. इंटरव्ह्यूत हे सांगता आलं तर समोरचा सरसावून बसतो, माझा अनुभव आहे.

आता सुट्टीच्या दिवसाचं काम. क्लायंटच्या सिस्टिमवर प्रयोग करू नकोस, घरी कर. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाक आणि अ‍ॅस्टरिस्क बसव, फोन सिस्टिमचं फुकट सॉफ्टवेअर आहे, मार्क स्पेन्सर नावाच्या माणसाने १९९९ मध्ये सुरू केलेलं. त्यातही व्हॉइसमेलची एक साधी टेक्स्ट फाइल असते, एका ओळीत बॉक्स नंबर, पिन, नाव आणि ईमेल. डायलप्लॅनमध्ये, म्हणजे कॉलचं काय करायचं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, लिहायचं की वीस सेकंद फोन वाजव, नाही उचलला तर बॉक्सला पाठव. मोबाइलवर लिनफोन हे कॉलिंगचं अॅप टाकून रूममेटला कॉल करायला सांग, उचलू नकोस, मेसेज ठेवू दे. मग सर्व्हरवर इनबॉक्सचं फोल्डर उघडून बघ, रेकॉर्डिंगची फाइल आणि तिच्याशेजारी कोणी कधी फोन केला ते लिहिलेली टेक्स्ट फाइल. कंपनीत ज्या गोष्टीला तू बाहेरून हात लावतेस ती इथे आतून दिसते. हे जमलं की वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर) एसआयपीचे, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडायच्या भाषेतले, मेसेज वाचायला लाग.

पुढचे रस्ते इथूनच फुटतात. अवाया २०१७ मध्ये आणि परत २०२३ मध्ये अमेरिकेत चॅप्टर ११ मध्ये, म्हणजे दिवाळखोरीत, जाऊन आली, तरी हॉस्पिटलं, बँका अशी सिस्टिम एका रात्रीत फेकत नाहीत. हळूहळू मायक्रोसॉफ्टच्या टीम्सवर किंवा दुसऱ्या क्लाउडवर जातात, आणि त्या मायग्रेशनला जुन्यातला कॉलचा रस्ता वाचून नव्यात मांडणारा माणूस लागतो. (आणि टीम्सची फोन सिस्टिमसुद्धा मोठ्या प्रमाणावर लावायची तर पॉवरशेलमधूनच, म्हणजे कमांड टाइप करूनच, परत काळी स्क्रीन, सुटका नाही.) तर वर्षभर धर, लिनक्स, एसआयपी आणि थोडं पायथन, मग मायग्रेशन किंवा नेटवर्कच्या जागांना अप्लाय कर.

रिअ‍ॅक्ट वाईट नाही, पण तुझ्या पत्रात मैत्रिणी आहेत, तुझी आवड कुठे दिसली नाही. खरंच आवडत असेल तर नोकरी सांभाळून करून बघ आणि परत लिही, तेव्हा माझं उत्तर बदलेल.

नाइट शिफ्टने तब्येत बिघडत असेल तर मात्र वर्षाची वाट बघू नकोस, शिफ्ट बदलून माग.

राहिलं ते क्लासचं, सीसीएनए कोलॅबरेशन करून देतो म्हणून पैसे मागणारा. ती परीक्षा सिस्कोने फेब्रुवारी २०२० मध्येच बंद केली. साधं सीसीएनए कर, आणि त्या माणसाला एक रुपयाही देऊ नकोस.